स्वतः उडी मारणं वेगळं, दुसऱ्याकडून मारून घेणं वेगळं: स्केटर कोच होतो तेव्हा

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या फिगर स्केटिंग स्पर्धेत जपानच्या माओ असादाकडे एक अस्त्र होतं जे दक्षिण कोरियाच्या किम यु-नाकडे नव्हतं. ट्रिपल अ‍ॅक्सेल. असादाने ती साडेतीन गिरक्यांची उडी त्या स्पर्धेत एकूण तीन वेळा मारली, किमने एकदाही नाही. आता किमचा कोच कोण होता ते बघा. कठड्यापाशी उभे होते कॅनडाचे ब्रायन ऑर्सर, आणि ऑर्सर स्वतः खेळत होते तेव्हा त्यांची ओळखच मुळी ट्रिपल अ‍ॅक्सेल ही होती. ऑलिम्पिकमध्ये ही उडी पहिल्यांदा साधली ती त्यांनीच, १९८४ मध्ये. तरी त्यांच्या शिष्येच्या कार्यक्रमात ती नव्हती. किमला २२८.५६ गुण मिळाले, विश्वविक्रमासह सुवर्ण. असादा रौप्यपदकावर राहिली, वीसहून जास्त गुणांनी मागे.

किमची ताकद निराळी होती. भरधाव वेगात येऊन ट्रिपल लुट्झ ही तीन गिरक्यांची उडी मारायची आणि बर्फावर उतरल्या उतरल्या तिलाच ट्रिपल टो लूप ही दुसरी तशीच उडी जोडायची, हे तिच्यासारखं त्या काळात फार थोड्यांना जमत होतं. ऑर्सर यांनी स्वतःची आवडती उडी तिच्या गळ्यात मारली नाही, जे तिच्याकडे होतं तेच घासूनपुसून लख्ख केलं. मला विचाराल तर स्पर्धक स्केटर कोच होतो तेव्हा त्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच असते, स्वतःचं शरीर बाजूला ठेवणं. वर्षानुवर्षं ज्या शरीराने आपल्याला उत्तरं दिली, ते समोरच्या मुलीच्या किंवा मुलाच्या कामाचं नसतं. हे असं का होतं ते कळायला या खेळाचं थोडं तंत्र समजून घ्यावं लागेल. टीव्हीवर दिसणारे चमचमते कपडे आणि संगीत घटकाभर विसरू या.

दोन धारा आणि सहा उड्या

फिगर स्केटिंगच्या ब्लेडची जाडी साधारण ४ मिलिमीटर असते. तिचा तळ सपाट नसतो, लांबीभर मधोमध बारीक पन्हळ असते. त्यामुळे पन्हळीच्या दोन्ही बाजूंना एकेक धार तयार होते, पायाच्या आतल्या अंगाला आतली आणि बाहेरच्या अंगाला बाहेरची. शरीर ज्या बाजूला कलेल त्या बाजूची धार बर्फात रुतते आणि स्केटर त्या बाजूला वळण घेत जातो, वळणावर सायकल कलते तसंच. पाय दोन, धारा दोन, दिशा दोन (पुढे आणि मागे) असे आठ मूळ प्रकार झाले. या खेळातलं जवळजवळ सगळं या आठांतून निघतं. ब्लेडच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात, त्यांना टो-पिक म्हणतात.

उड्या सहा. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या तिन्हींत मोकळ्या पायाची टो-पिक बर्फात रोवून वर उठायचं असतं. सॅल्काव, लूप आणि अ‍ॅक्सेल नुसत्या धारेवरून मारायच्या. उतरायचं मात्र सहाही उड्यांत सारखंच, एका पायावर, मागे जात, बाहेरच्या धारेवर. अ‍ॅक्सेल तेवढी पुढे तोंड करून मारली जाते, आणि उतरताना पाठ पुढे असावी लागते, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त बसते. ट्रिपल अ‍ॅक्सेल म्हणजे साडेतीन गिरक्या.

टीव्ही बघणाऱ्याला या उड्या एकसारख्याच वाटतात, त्यात त्याचा दोष नाही. फरक असतो उठण्यापूर्वीच्या शेवटच्या क्षणात, आणि कोचचं अर्धं आयुष्य त्या क्षणाकडे बघण्यात जातं.

लुट्झच घ्या. डावीकडून, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने गिरक्या घेणारी स्केटर डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर मागे मागे येते. बर्फावर एक लांब वळण उमटत असतं, आणि ते वळण असतं घड्याळाच्या दिशेने. उडी मात्र मारायची उलट दिशेने. म्हणजे शरीर एकीकडे वाहत चाललेलं असताना त्याला दुसरीकडे फिरवायचं. शरीर हे टाळायला बघतं. उजव्या पायाची टो-पिक रोवण्याच्या आधी, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, डावा घोटा आत कलतो आणि ब्लेड बाहेरच्या धारेवरून आतल्या धारेवर येते. झालं, लुट्झची फ्लिप झाली, कारण आतल्या धारेवरून मारली की तीच उडी फ्लिप ठरते. स्केटिंगवाले या चोरट्या लुट्झला 'फ्लुट्झ' म्हणतात. कोणती उडी झाली ते ठरवणाऱ्या तांत्रिक पॅनेलने पकडलं तर गुणपत्रिकेत उडीच्या नावापुढे एक छोटा 'ई' येतो आणि गुण कापले जातात.

आता कोच काय करतो? सराव चालू असताना तो पुष्कळदा उडीकडे बघतच नाही. स्केटर पुढे निघून गेली की तिने उडी मारली त्या जागी जाऊन वाकतो आणि बर्फावरची रेघ बघतो. बाहेरच्या धारेची रेघ टो-पिकच्या खळग्यापर्यंत त्याच वळणात जाते. घोटा कलला असेल तर रेघ शेवटच्या हातभरात सरळ होते किंवा उलटी वळते, लॅटिन लिपीतल्या 'एस'सारखी. स्केटर शपथेवर सांगते की मी बाहेरच्याच धारेवर होते. तिला खरंच तसं वाटलेलं असतं. मग कोच तिला बोलावून ती रेघ दाखवतो. वाद मिटतो.

आणि मग सुरू होतं दुरुस्तीचं कंटाळवाणं काम. उडी बंद. नुसतं ते वळण घ्यायचं, बाहेरच्या धारेवर मनात तीन आकडे मोजेपर्यंत तग धरायचा आणि सोडून द्यायचं. मग टो-पिक टेकवायची, पण उठायचं नाही. मग एकच गिरकी. ट्रिपल लुट्झ मारणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला आठवडेच्या आठवडे एका गिरकीची लुट्झ करायला लावायची म्हणजे तिची समजूत काढणं आलं, तिच्या आईवडिलांची तर त्याहून जास्त.

जुन्या लोकांना धारा इतक्या कशा कळत?

१९९० पर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 'कम्पल्सरी फिगर्स' नावाचा भाग असे. खेळाच्या नावातला 'फिगर' तोच. स्केटरने एका पायावर बर्फावर आठच्या आकड्यासारख्या आकृत्या काढायच्या, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचं, आणि परीक्षकांनी वाकून त्या रेघा तपासायच्या. बघायला अत्यंत रटाळ. टीव्हीवाल्यांना त्याचा वैताग होता आणि शेवटी तो भाग गेला.

खुद्द ऑर्सर त्याच्यापायी पोळलेले. १९८४ च्या साराएव्हो ऑलिम्पिकमध्ये शॉर्ट प्रोग्रॅम आणि फ्री स्केटिंग, म्हणजे संगीतावरचा छोटा आणि मोठा कार्यक्रम, दोन्ही त्यांनी जिंकले. पण फिगर्समध्ये ते सातवे होते आणि तेवढ्याने सुवर्ण अमेरिकेच्या स्कॉट हॅमिल्टनकडे गेलं. १९८८ मध्ये कॅलगरीला, घरच्या प्रेक्षकांपुढे, ब्रायन बॉइटानोने त्यांना निसटतं हरवलं. पुन्हा रौप्य.

पण त्या रटाळ आकृत्यांनी एक पिढी घडवली हेही खरं. रोज तासन्‌तास आपल्या रेघेकडे बघत फिरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पायाखालची धार लांबून वाचता येते. फिगर्स गेल्यावर ही ओळख वेगळी वेळ काढून द्यावी लागते. टोरंटोच्या क्लबमध्ये ऑर्सर यांच्या जोडीला ट्रेसी विल्सन आहेत, १९८८ च्या आइस डान्स, म्हणजे जोडीने करायच्या बर्फावरच्या नृत्यातल्या, कांस्यपदक विजेत्या. तिथे जगज्जेतेसुद्धा घोळक्याने एकत्र नुसतं स्केटिंग करतात, उडी नाही, गिरकी नाही, केवळ धारा आणि ढोपरांचं वाकणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल हे काय बालवर्गाचं काम. उड्यांना लागणारा वेग तिथूनच येतो.

पडण्याचं कारण पडण्याच्या जागी नसतं

उडीचं भौतिकशास्त्र थोडक्यात सांगतो, कारण कोचचा सगळा डोळा त्यावर बेतलेला आहे.

चार गिरक्यांच्या उडीत स्केटर साधारण ०.७ सेकंद हवेत असतो. एकदा पाय बर्फावरून सुटला की त्याला ना जास्त उंची मिळवता येते, ना जास्त फिरण्याचा जोर. भौतिकशास्त्रात ज्याला कोनीय संवेग म्हणतात तो जेवढा बर्फावरून घेतला तेवढाच. हवेत हातात एकच गोष्ट उरते: हात छातीशी ओढून आणि पाय जुळवून शरीर अरुंद करणं. तसं केलं की गिरकीचा वेग वाढतो, हात उघडले की कमी होतो. म्हणून उडीचा निकाल बर्फ सोडण्यापूर्वीच जवळपास ठरलेला असतो.

प्रेक्षकाला दिसतं ते पडणं. तो म्हणतो, उतरताना तोल गेला. नवखा कोचही तेच म्हणतो. मुरलेला कोच मनात चित्रफीत मागे नेतो: उतरताना तोल गेला, कारण हवेत शरीराचा अक्ष, म्हणजे ते ज्या रेषेभोवती फिरतं ती, तिरका होता. अक्ष तिरका, कारण डावा खांदा आधीच उघडला. खांदा उघडला, कारण वळणात शिरताना वेग जरा जास्त होता आणि ती घाबरली. म्हणजे बिघाड पडण्याच्या तीन-चार सेकंद आधीचा. 'उतरताना जपून' असं ओरडण्याचा काडीचा उपयोग नाही, शिकवायचं आहे ते वळण.

हल्ली टॅबलेटवर लगेच संथ गतीत बघता येतं, ते चांगलंच आहे. पण व्हिडिओ दोष दाखवतो, त्याचं मूळ सांगत नाही. आणि एका उडीत चार दोष दिसले तर आज कोणता सांगायचा आणि कोणते तीन गिळायचे, हे तर मुळीच सांगत नाही. माझ्या मते चांगल्या कोचची पारख करायची असेल तर तो काय बोलतो यापेक्षा किती गोष्टी पोटात ठेवतो ते बघावं.

इथे माजी स्पर्धकाची एक खास अडचण असते. त्याने उडी लहानपणी शिकलेली, हजारो वेळा मारलेली, आता ती त्याच्या हाडामांसात मुरलेली. कशी मारतोस असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, 'वर जायचं आणि ओढून घ्यायचं.' त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. मधल्या शंभर गोष्टी त्याच्या लक्षातही येत नाहीत, कारण त्या आपोआप होतात. कोच होताना त्याला आपलीच उडी सुट्या भागांत मोडून बघावी लागते. शिवाय आपल्याला लागू पडलेली सूचना समोरच्याला लागू पडेलच असं नाही. कुणाला आकडे लागतात, कुणाला ताल, कुणाला नुसतं करून दाखवलेलं पुरतं. हालचाली शिकण्यावर झालेल्या संशोधनात एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे: 'खांदा असा ठेव, घोटा तसा ठेव' असं अवयवांकडे लक्ष वेधण्यापेक्षा बाहेरच्या परिणामाकडे लक्ष वेधलं, उदाहरणार्थ 'कठडा मागे ढकल', तर हालचाल जास्त सहज होते. अनुभवी कोच हे संशोधन न वाचताही करत आलेत.

त्यात दिशेची भानगड. बहुतेक स्केटर डावीकडून फिरतात, पण अमेरिकेच्या जॉनी वेअरसारखे काही उजवीकडून. डाव्या फिरकीच्या कोचकडे उजव्या फिरकीचं मूल आलं की कोचला प्रत्येक सूचना डोक्यात उलटी करून द्यावी लागते, आणि करून दाखवण्याचा मार्ग तर बंदच होतो.

मग असा प्रश्न पडतो की कोच मुळात स्केटर असायलाच हवा का? याला एक मोठा अपवाद आहे. गुस्ताव लुसी हे मूळचे स्वित्झर्लंडचे, तरुणपणी स्कीवरून उड्या मारणारे. फिगर स्केटिंगमध्ये त्यांचं स्पर्धक म्हणून नाव नव्हतं. अमेरिकेत त्यांनी डिक बटनला घडवलं, ज्याने १९४८ आणि १९५२ ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली, पहिली डबल अ‍ॅक्सेल मारली आणि स्पर्धेतली पहिली तीन गिरक्यांची उडीही मारली. हवेत शरीर कसं वागतं याचा विचार लुसींनी वेगळ्या खेळातून आणला होता. विसरायला त्यांच्याकडे स्वतःची लुट्झ नव्हती, हा त्यांचा फायदाच झाला असावा असं मला वाटतं.

कागदावरची बेरीज

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये पंचगिरीवरून मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर सहापैकी गुण देण्याची ६.० ची जुनी गुणपद्धत गेली. नव्या पद्धतीत प्रत्येक घटकाला ठरलेली किंमत आहे आणि परीक्षक त्यात उणे ५ ते अधिक ५ अशी दर्जानुसार भर किंवा घट करतात. प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या १० टक्के. यामुळे कोचच्या कामात गणित शिरलं.

उदाहरण घ्या. चार गिरक्यांच्या लुट्झची मूळ किंमत ११.५०. तीन गिरक्यांच्या लुट्झची ५.९०. आकडे बघून कुणीही म्हणेल, चारचीच मारा. पण स्केटर चार गिरक्या पूर्ण करून पडला तर? पडल्यावर परीक्षक बहुधा उणे ५ देतात, म्हणजे ५.७५ गेले. पडल्याबद्दल आणखी १ गुण वजा. हातात उरले ४.७५. तीनची लुट्झ स्वच्छ मारून अधिक २ मिळाले तर ७.०८. म्हणजे पडणार असेल तर चारची लुट्झ तीनच्या लुट्झपेक्षा कमी गुण देते, आणि गिरकी अपुरी राहिली तर आणखी कमी. पडल्यावर श्वास चुकतो, संगीत पुढे निघून जातं, पुढच्या उड्या बिघडतात, ते नुकसान आकड्यांत दिसत नाही ते वेगळंच. तेव्हा सरावात दहापैकी किती वेळा जमते याची नोंद ठेवून कोच ठरवतो की ती कार्यक्रमात घ्यायची की नाही. माजी स्पर्धकाचा इथे उपयोग होतो खरा. सरावातले दहापैकी सात स्पर्धेच्या दिवशी किती होतात हे त्याने सोसलेलं असतं.

स्पर्धेत प्रत्येक गटाला बर्फावर सहा मिनिटांचा वॉर्म-अप मिळतो. पुढच्या वेळी ही सहा मिनिटं मुद्दाम बघा. स्केटर उडी मारतो, कठड्याकडे येतो, पाणी पितो, नाक पुसतो. कोचच्या एका हातात ब्लेडची कव्हरं, दुसऱ्यात टिश्यूचा डबा. बोलणं दोन-चार शब्दांचं. तांत्रिक सूचनेची ही वेळ नव्हे, आदल्या रात्रीपर्यंत जे झालं ते झालं. काही कोच या वेळी हवापाण्याच्या गप्पा मारतात, काही नुसते समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. काही, त्यांचं त्यांना माहीत, शेवटच्या मिनिटालाही खांद्याबद्दल बोलत राहतात.

कोणाचा कोच कोण

हे ज्ञान पुस्तकांतून फारसं जात नाही, माणसाकडून माणसाकडे जातं. गाण्यातल्या घराण्यांसारखीच इथेही वंशावळ सांगता येते. मॅरिबेल व्हिन्सन ओवेन नऊ वेळा अमेरिकेच्या विजेत्या आणि १९३२ च्या ऑलिम्पिक कांस्यपदक विजेत्या. कोच म्हणून त्यांनी टेन्ली ऑलब्राइटला १९५६ चं सुवर्ण मिळवून दिलं. त्यांचेच एक शिष्य फ्रँक कॅरल, ज्यांनी मिशेल क्वानला घडवलं आणि ज्यांच्या हाताखालच्या इव्हान लायसाचेकने २०१० मध्ये पुरुषांचं सुवर्ण जिंकलं.

ही परंपरा तुटते तेव्हा काय होतं तेही अमेरिकेने बघितलं. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी ब्रसेल्सजवळ विमान कोसळलं आणि प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा संपूर्ण संघ गेला, १८ स्केटर आणि त्यांच्याबरोबरचे कोच, नातेवाईक, पदाधिकारी. मॅरिबेल व्हिन्सन ओवेन आणि त्यांच्या दोन्ही मुली त्यात होत्या. ती जागतिक स्पर्धाच रद्द झाली. स्केटर पुन्हा तयार होतात, पण त्यांना तयार करणारेही एका दिवसात गेले होते. ती पोकळी भरायला बाहेरून माणसं आली, त्यांत इटलीचे कार्लो फासी हे माजी युरोपीय विजेते होते. त्या अपघातात बारा वर्षांच्या पेगी फ्लेमिंगचा कोच गेला होता. तीच फ्लेमिंग पुढे फासींकडे शिकली आणि १९६८ मध्ये तिने ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं.

रशियात अलेक्सेई मिशिन यांचं असंच. स्वतः जोडीच्या प्रकारात खेळले, तमारा मॉस्कविना यांच्याबरोबर १९६९ ची जागतिक रौप्य, पण कोच म्हणून नाव झालं ते एकेरीत. त्यांचा शिष्य अलेक्सेई उर्मानोव्ह १९९४ चा ऑलिम्पिक विजेता. उर्मानोव्ह आता कझाकस्तानच्या मिखाइल शायदोरोव्हचे कोच, ज्याने २०२५ च्या बोस्टनमधल्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. त्याच स्पर्धेतला विजेता इलिया मॅलिनिन, ज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पर्धेतली पहिली क्वाड अ‍ॅक्सेल, म्हणजे साडेचार गिरक्या, पूर्ण केली. त्याचे मुख्य कोच त्याचे आईवडीलच, तातियाना मॅलिनिना आणि रोमान स्कोर्नियाकोव्ह, दोघंही उझबेकिस्तानकडून ऑलिम्पिक खेळलेले. दोघांपैकी कुणीही ही उडी कधी मारली नव्हती. जगात कुणीच मारली नव्हती.

सत्ता

कोच-शिष्याच्या नात्याचा एक अवघड भागही आहे आणि तो टाळून लेख पुरा होणार नाही. मूल सात-आठ वर्षांचं असताना येतं, दिवसाचे कित्येक तास कोचपुढे असतं, आणि कोचचा शब्द घरातल्या शब्दापेक्षा मोठा होतो. त्यात गिरकीचं भौतिकशास्त्र लहान, सडपातळ शरीराच्या बाजूचं. वयात येताना शरीर रुंदावतं आणि कालपर्यंत सहज होणारी उडी अडू लागते. अशा वेळी कोच 'थांबू, वर्षभर धारांवर काम करू' म्हणतो की 'वजन बघ' म्हणतो, यावर त्या मुलीचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं. रशियाची युलिया लिपनित्स्काया १५ व्या वर्षी सोची ऑलिम्पिकच्या सांघिक सुवर्णपदकाची मानकरी होती. २०१७ मध्ये तिने अ‍ॅनोरेक्सिया या खाण्याच्या विकारामुळे निवृत्ती घेतल्याचं जाहीर झालं.

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १५ वर्षांच्या कमिला वालिएवाचं उत्तेजक चाचणीचं प्रकरण झालं. फ्री स्केटिंगमध्ये ती वारंवार पडली आणि बर्फावरून बाहेर येताच तिच्या कोचने तिला ज्या कोरड्या स्वरात जाब विचारला तो जगाने थेट प्रक्षेपणात ऐकला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांनीही त्या वागणुकीवर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने सीनियर गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर नेण्याचा निर्णय घेतला. नियमामुळे सगळं सुधारतं असं नाही, पण घाई करण्याचं एक कारण तरी कमी झालं.

पोट कशावर चालतं

एके काळी कोच होणं हा परतीचा रस्ता नसलेला निर्णय होता. हौशीपणाचे जुने नियम असे कडक की पैसे घेऊन शिकवलं की तुम्ही व्यावसायिक, आणि मग ऑलिम्पिकची दारं बंद. नव्वदच्या दशकात हे सैल झालं. आज पुष्कळ स्केटर खेळत असतानाच लहान मुलांना शिकवून बर्फाचं भाडं आणि बुटांचा खर्च काढतात.

वर जी नावं आली ती शिखरावरची. बहुसंख्य माजी स्पर्धक राष्ट्रीय पदकाच्या जवळपासही गेलेले नसतात आणि त्यांचा दिवस पहिल्यांदा बर्फावर उभ्या राहणाऱ्या मुलांना कसं पडायचं आणि पडून कसं उठायचं ते शिकवण्यात जातो. काम शाळेच्या आधी पहाटे आणि शाळेनंतर संध्याकाळी, मधले तास रिकामे. अनेक ठिकाणी पगार नसतो, जितके धडे तितके पैसे, आणि बर्फ बंद तर कमाई बंद. थंडीत तासन्‌तास उभं राहून गुडघे आणि कंबर बोलू लागतात. अमेरिकेत १९३८ पासून प्रोफेशनल स्केटर्स असोसिएशन ही कोचांची संघटना आहे आणि ती परीक्षा घेऊन श्रेणी देते. 

आपल्या मुलासाठी कोच शोधणाऱ्यांना म्हणून माझं सांगणं असं की पहिल्या काही वर्षांसाठी पदकांची यादी बघू नका. एक तास कठड्याबाहेर बसून धडा बघा. कोच दोन वेगवेगळ्या मुलांना एकच दोष दोन वेगळ्या शब्दांत सांगतो का? मूल पडल्यावर आधी मुलाकडे बघतो की घड्याळाकडे? आईवडिलांना धडा बघायला मनाई तर नाही ना? आणि त्याच्याकडे पाच वर्षांपूर्वी सुरुवात केलेली मुलं आज कुठे आहेत तेही विचारा. जी मुलं खेळ सोडून गेली, ती का गेली हे तो कसं सांगतो ते नीट ऐका.